साक्ष दिल्यावर

अमरावती, १४ ऑक्टोबर २०२५

हर्षाताई,

सलाम. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र तसंच बाजूला ठेवाल असं वाटलं, म्हणून पत्ता शेजारच्या साजिदभाईंकडून लिहून घेतला. ते टेलर आहेत, अक्षर चांगलं आहे. ही फसवणूक आहे हे मला कळतं. फोन करू नका असं तुम्ही सांगितलं होतं, तो मी केलेला नाही.

पत्राचं कारण कबरेचा दगड. प्रतीक्षाला जाऊन आठ महिने झाले. माती आता बसली आहे, आता दगड बसवायला हरकत नाही असं कारागीर म्हणतो. नाव आणि दोन तारखा लिहून दिल्या आहेत. खाली कोणतं वचन कोरायचं, असं तो दोनदा विचारून गेला. मला सुचत नाही. तुम्ही तिची थोरली बहीण. तुम्हीच ठरवावं.

मी ठीक आहे. आयटीआयमध्ये अजून दीड वर्ष नोकरी आहे. सकाळी पोरांना कानस कशी धरायची ते शिकवतो, संध्याकाळी घरी येतो. एकट्यापुरता स्वयंपाक जमत नाही, दोघांचाच होतो.

आणखी एक विचारायचं होतं. त्याचा दगडाशी संबंध नाही. तुमची सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात झाली म्हणून विचारतो. ओळखीत एक बारा वर्षांची मुलगी आहे. तिला फिट येतात. गेली चार वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती आणि वर्षभरात एकही फिट आली नाही. म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आहेत. असं चालतं का?

दगडाबद्दल सावकाश कळवलं तरी चालेल. हे मात्र लवकर कळवा.

शांतवन

अमरावती, २४ ऑक्टोबर

हर्षाताई,

सलाम. तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी होत्या, पण मी त्या बऱ्याच वेळा वाचल्या. "डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायच्या नसतात. एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येते आणि थांबत नाही. मूल हातातून जातं. मुलगी कोणाची ते लिहा."

दगडाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. ठीक आहे.

मुलगी भागीरथाबाईंची. तुम्ही त्यांना दफनाच्या दिवशी पाहिलं असेल, हिरव्या लुगड्यात होत्या आणि सगळ्यात मोठ्यानं रडत होत्या. नवरा वारल्यावर चांदूर बाजारहून इथे आल्या. राजापेठेत भाजीची गाडी लावतात. चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत आल्या, बाप्तिस्मा घेतला, मुलीचं नाव बदलून रिबका ठेवलं. गाणी सगळ्यांआधी पाठ करतात. दर रविवारी मायलेकी एकाच बाकावर बसतात. तो बाक मी दिलेला आहे.

तुम्ही त्या बाकाबद्दल ऐकलं असेल, पाहिला नसेल. सागवानी आहे. लोखंडी पाय मी स्वतः वर्कशॉपमध्ये केले. पाठीवर पितळी पाटी आहे. "सौ. प्रतीक्षा शांतवन वानखडे हिच्या पूर्ण आरोग्यलाभाबद्दल उपकारस्तुती." कोरणारा म्हणाला होता, जागा कमी पडते, एखादा शब्द काढू का. मी नाही म्हटलं. 'पूर्ण' हा शब्द मला हवाच होता.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो दिला. ऑपरेशन झालं होतं, सगळे केमो संपले होते, रिपोर्ट स्वच्छ आला होता. हंगामाच्या उपकारस्तुतीला आमच्याकडे लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतात आणि ज्यांच्यावर प्रभूनं उपकार केला ते उभे राहून साक्ष देतात. मीही दिली. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि उपकार मानायला एकटाच परत आला, तो आज तुमच्यासमोर उभा आहे, असं म्हणालो. त्यावर थांबायला हवं होतं. पुढे म्हणालो, डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं आहे, पण आम्ही जाणार नाही, कारण साक्ष दिल्यावर मागे वळून पाहणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. मंडळीनं हालेलुया म्हटलं. भागीरथाबाई पुढच्या रांगेत होत्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये तुम्ही अकोल्याहून आलात, फाइल मागितलीत, आणि मी तुम्हाला म्हणालो की दवाखान्यात राहून तुमचा विश्वास आटला आहे, तो आमच्या घरात आणू नका. तुम्ही पाणीसुद्धा न घेता परत गेलात.

मुलीच्या गोळ्या कधी बंद झाल्या ते नक्की माहीत नाही. ऑगस्ट असावा. मला आतापर्यंत भीती वाटत होती ती माझ्यापुरती होती. आता ती वेगळी आहे. रविवारी मी मागे बसतो आणि गाणं चालू असताना त्या मुलीच्या मानेकडे बघत राहतो.

शांतवन

अमरावती, ३ नोव्हेंबर

हर्षाताई,

शनिवारी मुलांची गाण्याची तालीम होती. रिबका बाक आणि भिंतीच्या मधे पडली. मी घड्याळ बघितलं नाही, दोन मिनिटं असेल. डोळे उघडे होते. मुलं ओरडत बाहेर पळाली. मी तिला कुशीवर वळवलं, एवढंच सुचलं. ते बरोबर होतं का ते लिहा.

भागीरथाबाई धावत आल्या. पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सकाळपासून उपाशी हाय पोरगी. चक्कर आली. काही नाही." पदराला रक्त लागलं होतं. जीभ चावली गेली होती. त्यांनी पदर मुठीत धरला आणि माझ्याकडे बघितलं. ताई, मी तशी मूठ आधी पाहिलेली आहे. तुमची बहीण दुखायला लागलं की उशीचं टोक तसं धरायची.

काल दुपारी गाडीवर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं.

"या भाऊ. मेथी घ्या, ताजी हाय."

मी म्हणालो, मेथी नको. रिबकाला गोळ्या देता का?

"कायच्या गोळ्या?" म्हणाल्या. मग पाण्याचा हबका मारायला लागल्या, कोथिंबिरीवर, वांग्यांवर, माझ्या बुटांवरही. "देवानं बरी केली तिले. वरीस झालं. आता गोळ्या काहून द्याच्या? तुमीच सांगतलं ना भाऊ, बाकापाशी उभं राहून. साक्ष दिल्यावर मागं पाहाचं नाही. मी तं तुमच्यापासूनच शिकली."

मी म्हणालो, अजून तिची साक्ष झालेली नाही.

"होऊन राहिली ना. उपकारस्तुतीले. तेवीस तारखेले. उत्तमरावांनी नाव बी लिहून घेतलं. नवा फ्रॉक शिवाले टाकला."

मग म्हणाल्या, "प्रतीक्षाबाई पाहा, बऱ्या झाल्या त्या झाल्या. मंग प्रभूनं बोलावलं ते हार्टफेलनं बोलावलं. जुन्या बिमारीनं हात नाही लावला त्याईले."

मी पाव किलो मेथी घेतली आणि परत आलो.

मंडळीत सगळ्यांना हेच माहीत आहे. नागपूरच्या दवाखान्यातून फोनवर मीच पाळकसाहेबांना सांगितलं होतं की हृदय बंद पडलं. ते खोटं नव्हतं. सगळ्यांचंच बंद पडतं. शेवटच्या दोन महिन्यांत आजार हाडांत गेला होता हे इथे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कबरीवर पाळकसाहेबांनी आणि मंडळीचे पंच उत्तमराव यांनी तेच सांगितलं तेव्हा तुम्ही मूठभर माती टाकलीत आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणालात, "शांतवनराव, आता द्या साक्ष." त्यानंतर, फोन करू नका एवढं सोडलं तर, आपलं बोलणं नाही.

मी भागीरथाबाईंना काय सांगू? तुम्ही येऊन सांगाल का? तुमच्या नोकरीला लोक मान देतात. एका रविवारी आलात तर मी स्टँडवर घ्यायला येईन, घरी येण्याचा आग्रह करणार नाही.

शांतवन

अमरावती, ११ नोव्हेंबर

हर्षाताई,

तुम्ही लिहिलंत, "मी येणार नाही. माझं ऐकून ती म्हणेल, नर्सबाई आहे, गोळ्यांचंच बोलणार. ज्याचं ऐकून तिनं बंद केल्या त्यानंच सांगावं. खरं कारण सांगा."

सांगितलं. परवा गाडी लावायच्या आधी त्यांच्या खोलीवर गेलो. म्हणालो, प्रतीक्षाचा आजार परत आला होता. तपासणीला गेलो असतो तर लवकर कळलं असतं. आम्ही गेलो नाही. हार्टफेल मी सांगितलं, ते लपवण्यासाठी.

भागीरथाबाईंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी दुःखानं बोलून राहिले."

मी म्हणालो, नाही, हे खरं आहे.

"मंग तिथं एक अन् इथं एक, मी कोणतं धरू? तिथं तं पितळेत लिहून ठेवलं तुमी. मंडळीसमोर जे सांगतलं ते मंडळीसमोरच मागं घ्या. माह्या खोलीत येऊन, दार लोटून, हे काय बोलणं झालं? असं तं चोरटे बोलतात."

रिबका कोपऱ्यात दप्तर भरत होती. जिभेला फोड होता, म्हणून बोलताना अडखळत होती. मला म्हणाली, "काका, मी साक्षीत काय सांगायचं ते पाठ केलं. म्हणून दाखवू?" मी उठून आलो.

भागीरथाबाई म्हणाल्या ते बरोबर आहे. एकदा त्या पोरीनं उभं राहून सगळ्यांसमोर म्हटलं की मी बरी झाले, की मग तिच्या आईला परत दवाखान्याची पायरी चढता येणार नाही. मला माहीत आहे. आम्हाला नाही आली.

तेवीस तारखेआधी मला मंडळीसमोर बोलावं लागेल. पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे. ते तुम्हाला आधी न सांगता तिथे उभा राहिलो तर तेही पुन्हा एक लपवणंच होईल. हे पत्र मी तीन वेळा फाडलं आहे.

प्रतीक्षाची पाठ गेल्या वर्षी सप्टेंबरातच दुखायला लागली होती. मी तुम्हाला डिसेंबर सांगितलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनाही डिसेंबरच सांगितलं. सप्टेंबरात तिनं मला विचारलं, "अहो, एकदा दाखवून यायचं का?" मी म्हणालो, हंगामाची उपकारस्तुती होऊ दे. दोन महिने तर आहेत. बाकाला वर्ष होईल, लोक विचारतील, आणि त्याच वेळी आपण दवाखान्यात दिसलो तर काय म्हणतील. ती बरं म्हणाली.

उपकारस्तुतीच्या दिवशी उत्तमरावांनी पुकारलं, "प्रतीक्षाबाई, वर्ष झालं, उभ्या राहा, मंडळीला दिसू द्या." ती उभी राहिली. एका हातानं बाकाची पाठ धरली होती, बरोबर पाटीवर. बोटं पांढरी पडली होती. ती हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारीच उभा होतो, मला सगळं दिसत होतं, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "आता तरी जाऊ या का?" मी नाताळपर्यंत थांबू म्हणालो. शेवटी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला उठता येईना तेव्हा नेलं.

ती मला खोटं पडू देत नव्हती, ताई. म्हणून तिनं सहन केलं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता तुम्ही काय लिहाल ते लिहा. काही लिहिलं नाहीत तरी मला कळेल. पोस्टमनची वेळ साडेबाराची आहे, त्या वेळी मी वर्कशॉपमध्ये असतो हे बरं आहे. टपाल तो शेजारच्या दुकानात देतो, संध्याकाळी मी तिकडे बघत येतो. साजिदभाई रोज दुकानातूनच हात हलवून सांगतात, पत्र नाही. तेवढं कळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं.

शांतवन

अमरावती, १८ नोव्हेंबर

हर्षाताई,

पत्र मिळालं. साजिदभाईंनी हात हलवला नाही, पत्र घेऊन स्वतः आले आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "खोलो तो सही, शांतवनभाई. बम नहीं है." ते निघून गेल्यावरही मला ते फोडायला बराच वेळ लागला.

तुम्हाला सप्टेंबरचं माहीत होतं, ही पहिलीच ओळ वाचून मी खुर्चीत बसलो. प्रतीक्षानं तुम्हाला नागपूरला सांगितलं होतं. म्हणजे दफनाच्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं. चार माणसांत बोलू शकला असतात. बोलला नाहीत.

तिचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत म्हणून बरं झालं. "ताई, ते वाईट नाहीत. भितात. देवालाही भितात, म्हणून त्याला आधीच काहीतरी देऊन ठेवतात. कुणी फुकट काही देतं हे त्यांना खरं वाटत नाही. मी गेल्यावर त्यांना सोडू नको."

खाली तुमची ओळ. "तिनं तुम्हाला माझ्यावर सोपवलं होतं. मला नऊ महिने ते जमलं नाही. आताही राग गेलेला नाही. तरी मुलीला घेऊन अकोल्याला या. आमच्याकडच्या फिटच्या डॉक्टरांची ओपीडी गुरुवारी असते, मी नंबर लावून ठेवीन. माझ्याकडेच उतरा."

ताई, तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. मी त्याची तयारी करून बसलो होतो. 'माझ्याकडेच उतरा' याची तयारी नव्हती. पत्र खाली ठेवलं आणि मला पहिल्यांदा हेच सुचलं की हर्षाताईंना काय न्यावं. संत्र्याची पेटी न्यावी, की आयटीआयमधून त्यांच्या गॅलरीला लोखंडी स्टँड करून न्यावा. मग लक्षात आलं, बाक असाच झाला होता. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा मी आनंदलो नव्हतो, घाबरलो होतो. एवढं मोठं कुणी असंच देत नाही, आता हे परत जाऊ नये म्हणून काहीतरी जड वस्तू ठेवली पाहिजे. पाटीवर उपकारस्तुती लिहिलं, पण मनात होतं की आता देवाला मागे फिरता येणार नाही.

काल पाळकसाहेबांकडे गेलो. तरुण आहेत, दीड वर्षापूर्वी आले. त्यांना सगळं सांगितलं. उपकारस्तुतीला बोलू द्याल का, विचारलं. "कबरीजवळ मीही हार्टफेलच म्हणालो होतो, वानखडेकाका," म्हणाले. मला त्याची लाज वाटली. मग त्यांनी विचारलं, "या वर्षी वेदीपुढे काय ठेवणार आहात?" मी म्हणालो, काही नाही, काही सुचलं नाही, हात रिकामेच आहेत. "मग तसेच या," म्हणाले.

निघताना त्यांनी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. मला वाटलं, पाठ आहे, दोन वर्षांपूर्वी मीच सांगितली होती. घरी येऊन वाचली. त्या दहाजणांना प्रभू आधी काय सांगतो, तर जा आणि याजकांना दाखवा. त्या काळी कातडी तपासून माणूस बरा झाला की नाही हे याजकच ठरवत. म्हणजे ती तपासणीच. दाखवायला निघाले आणि वाटेत बरे झाले. परत आलेलाही दाखवायलाच निघालेला होता. मी गोष्टीचा शेवट सांगितला आणि सुरुवात गाळली.

उत्तमरावांना कुठून तरी कळलं आहे. आज फोन आला. "वानखडे, पंचमंडळात आहात तुम्ही. जे असेल ते चार भिंतीत बोलू. आनंदाचा दिवस कशाला नासवता? अन् त्या पाटीचं काय करायचं मग? काढायची? बायको गेल्यापासून तुम्ही हललेले आहात, सगळे समजून घेतात."

मला रविवारपर्यंत ताप यावा असं वाटतं. हे खरं लिहितो.

शांतवन

अमरावती, २५ नोव्हेंबर

हर्षाताई,

सलाम. ताप आला नाही.

वेदीपुढे फ्लॉवर, तूर, संत्री, उसाचे दोन भारे आणि टोपलीखाली एक कोंबडी होती. तिवस्याकडच्या एका कुटुंबानं आणलेली. ती सगळा वेळ ओरडत होती. साक्षीची वेळ आली तेव्हा उत्तमरावांनी रिबकाचं नाव पहिलं घेतलं. त्यांनी मुद्दाम केलं की नाही, मला माहीत नाही. ती उठली, नवा पिवळा फ्रॉक होता. मी मागून म्हणालो, "थांब बाळ, आधी मी." कोंबडीच्या ओरडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा सगळे वळले.

पुढे जाऊन काय बोललो ते सलग आठवत नाही. एवढं नक्की म्हणालो की प्रतीक्षाचा आजार परत आला होता, त्यातच ती गेली, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. तपासणीला न जाणं हा विश्वास नव्हता, मला तुमच्यासमोर खोटं पडायची भीती होती. गेल्या वर्षी ती इथे उभी राहून हसली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं, हेही म्हणालो. बायकांमधून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. उत्तमराव म्हणाले, "वानखडे, पुरे, बसा आता." पाळकसाहेब म्हणाले, "बोलू द्या." मी म्हणालो, दहाही जणांना आधी दाखवून यायला सांगितलं होतं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. कुणाच्या घरी माझं ऐकून औषध बंद झालं असेल तर ते देवानं नाही, मी बंद केलं आहे. उद्या सकाळी जाऊन विचारा. मग म्हणालो की ज्या रिपोर्टबद्दल मी बाक दिला तो चांगलाच होता. ते एक वर्ष आम्हाला मिळालं, तेही मी उपकार न मानता, राखण करत घालवलं.

हालेलुया कुणी म्हटलं नाही. फक्त कोंबडी ओरडली. एक पोरगं हसलं आणि त्याला चापट बसली.

भागीरथाबाईंनी रिबकाचा हात धरला आणि त्या निघून गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, आता त्या दुसऱ्या मंडळीत जातील, तिथे साक्ष देतील, आणि मला कधी कळणारही नाही. उपासनेनंतर वस्तूंचा लिलाव असतो, त्याला मी थांबलो नाही. घरी येऊन दारातल्या पायरीवर बसलो. माझ्याकडून होणार होतं ते झालं होतं, आणि त्यानं काहीच हललं नव्हतं. मी बोललो म्हणून आता ती वाचेल, असं देवाला सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

पाचच्या सुमारास त्या आल्या. मुलगी बरोबर. चपला न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"हे आधीच काहून नाही सांगतलं?"

मी म्हणालो, भीत होतो.

"अन् आता?"

आताही भितो, म्हणालो.

"मोठे पंच झाले," म्हणाल्या. "माणसाले नुसतं भिववता. मी तीन महिने झोपली नाही, भाऊ. गोळी द्यावं तं देवाले राग येईन, नाही द्यावं तं पोरगी जाईन. रात्रभर तिच्या नाकापुढं हात धरून बसाची. वरून दिवसा हासाचं." मग पायरीवर माझ्या बाजूला धपकन बसल्या. "गोळ्या फेकल्या नाही मी. तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवल्या. फेकाची हिंमत नाही झाली."

तुम्ही लिहिलं होतं की मनानं पुन्हा सुरू करायच्या नाहीत, म्हणून सोमवारी सकाळी तिघंही सरकारी दवाखान्यात गेलो. मी सुट्टी टाकली. रांग मोठी होती. भागीरथाबाई पुढच्या माणसाशी भांडल्या, मागच्या बाईला लसूण सोलायची युक्ती सांगितली. डॉक्टरीणबाई आधी फार रागावल्या. मी म्हणालो, चूक माझी आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? भागीरथाबाई म्हणाल्या, "मंडळीतले भाऊ हायेत." डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या, आधी अर्धी, आठवड्यानं पूर्ण, आणि मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवायला सांगितलं. अकोल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, अवश्य जा.

पहिली अर्धी गोळी तिथेच बाकड्यावर द्यायची ठरली. मी पाण्याची बाटली उघडून दिली. भागीरथाबाईंनी गोळी मुलीच्या तळहातावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "प्रार्थना करा."

तुम्हाला माहीत आहे, मी लांब प्रार्थना करणारा माणूस. प्रतीक्षा म्हणायची, तुमचं आमेन होईपर्यंत वरण थंड होतं. त्या दिवशी मला शब्दच येईनात. तिला बरं कर असंही म्हणवेना, म्हटलं तर पुन्हा सौदा होईल असं वाटलं. शेवटी जेवणाआधी म्हणतो तेवढंच म्हणालो. प्रभू, ही गोळी आम्हाला दिलीस, तुझे उपकार.

रिबका घोट तोंडात असतानाच आमेन म्हणाली. सगळं पाणी फ्रॉकवर. गोळी मात्र गेली होती, मी तोंड उघडायला लावून पाहिलं. भागीरथाबाई इतक्या हसल्या की रांगेतले लोक बघायला लागले.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघतो. भागीरथाबाई विचारतात, "तुमच्या साळीबाई ओरडणाऱ्या हायेत का?" मी हो म्हणालो. बरोबर काही आणत नाही. तुम्ही दार उघडाल तेव्हा काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण आता ते लिहीत नाही. भीती वाटते आहे, ताई. येतो.

शांतवन